ऐकणारा मी होतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवलं की काहीतरी काम निघायचं — खरं म्हणजे मीच काढायचो. आता ती नाही, घरात विचारणारं कुणी नाही. ज्याच्याबद्दल सांगायचं तो तुळशीरामही गेला. म्हणून तुम्हाला सांगतो.

पासष्ट साल. अमरावतीच्या एका लहानशा दैनिकात मी उपसंपादक होतो. आमच्याकडे टेलिप्रिंटर नव्हता. दिल्लीहून रेडिओवर एक संथ बातमीपत्र लागायचं. आमच्यासारख्या पेपरांना उतरवून घेता यावं म्हणून निवेदक शब्दाशब्दाला थांबायचा. ऑफिसातला रेडिओ कायम बिघडलेला. मग संध्याकाळी वही घेऊन मी समोर, तुळशीरामच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचो.

तुळशीराम आधी फौजेत वायरलेसवर होता. छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेला. बाजाराच्या त्या रस्त्यावर त्याच्या समाजातल्या माणसाचं तेवढं एकच दुकान होतं आणि ते काही लोकांच्या डोळ्यांत खुपायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

काश्मिरात घुसखोर शिरले, माणसं मेली, मग आपली फौज सीमेपार गेली. ऑफिसात रोज वाद. फोरमन म्हणायचा, आपल्या बाजूचं तेवढंच छापा. मी तावातावानं म्हणायचो — पलीकडचे काय सांगतात ते ऐकल्याशिवाय त्यांचं खोटं उघडं कसं पाडणार? फार छान बोलायचो मी तेव्हा.

एका संध्याकाळी बातमीपत्र संपलं आणि मीच म्हटलं, "तुळशीराम, लाव बरं त्याहिचं स्टेशन. काय बोंबलून राहिले ते पाहू."

तो हसला. "भाऊ, उद्या मले फाशी देतीन अन् तुमी त्याची बातमी छापसान."

तरी त्यानं लावलं. माझ्यासाठी. दहाएक मिनिटं. पानठेल्यावरची दोघं-तिघं दारासमोर थबकलेली दिसली, तसा मी वही मिटली आणि मागच्या दारानं निघालो.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर घोळका. "ज्यानं धरम बदलला त्याले देश बदलायले किती वेळ लागते?" कुणीतरी म्हणालं. बाकीचे हसले. मग एक माझ्याकडे वळला, "काहून हो पेपरवाले, तुमी तं रोज तिथंच बसता. काल त्याच्यासंग कोण होतं?"

"मले काय माहीत? मी दिल्लीची बातमी उतरवली अन् निंगालो."

एवढ्यावर थांबलो असतो तर? भित्रा ठरलो असतो, इतकंच. पण मी थांबलो नाही. ऑफिसात जाऊन सात ओळी लिहिल्या — शहराच्या मध्यवस्तीतील एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ शत्रूच्या बातम्या नियमित ऐकत असल्याची चर्चा आहे, अधिकाऱ्यांनी लक्ष घालावे. नाव नव्हतं. मध्यवस्तीत असं दुकान एकच असताना नावाची गरज काय? आणि 'नियमित' कशासाठी लिहिलं? कुणाचं बोट माझ्याकडे वळू नये यासाठी. संपादकांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, आहे.

बातमी पहिल्या पानावर आली, फौजेच्या बातमीला लागून.

पोलिसांनी त्याला दोन दिवस ठाण्यात बसवलं. गिऱ्हाइकांनी आपापले रेडिओ उचलून नेले. मालकानं जागा सोडायला सांगितलं. शेवटच्या दिवशी तो दुकानाच्या फळ्या लावत होता आणि मी ऑफिसच्या खिडकीत उभा होतो. मधला रस्ता किती असेल — पंधरा पावलं? गेलो नाही. लढाई थांबल्यावर ऑफिसात चर्चा झाली की अफवांना जबाबदार कोण. सगळ्यांनी लोकांना दोष दिला. मीही मान डोलावली.

पुढे मी पेपर सोडला, अकोल्याला शाळेत लागलो. तीन वर्षांनी कळलं, तुळशीराम मूर्तिजापूरला स्टेशनजवळ असतो. एका रविवारी गेलो. गाडीत सबंध वाटभर एकच वाक्य घोकत होतो. तो आता स्टोव्ह दुरुस्त करायचा. रेडिओ कुणी आणून देत नव्हतं. मला पाहून लगबगीनं उठला, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

मग हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्यावर तं काई आलं नाई ना? ठाण्यात लय इचारलं त्याहिनं, संग कोण होतं म्हून. म्या म्हटलं, एकटाच होतो."

बातमी संपादकांनी लिहिली असं तो धरून चालला होता. त्यांना मनसोक्त शिव्या देत होता. माझ्यासमोर.

मी म्हटलं, "नाही. माझ्यावर काही आलं नाही." चहा प्यालो.

परत निघालो तेव्हा हातातलं काम टाकून तो मला सोडायला फलाटावर आला. तुळशीराम, ती बातमी मी लिहिली, मला माफ कर — एवढंच बोलायचं होतं. गाडी हलेपर्यंत तो खिडकीशी उभा होता. मी म्हटलं, "बरं, येतो."