भात्यावरचा मेहुणा

उमापूरकडच्या आमच्या गावात विहीर खोदताना आत उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेहुण्यानंच धरायचा, अशी रीत होती. बायकोचा भाऊ दोर कसा सोडेल? बहिणीचं कुंकू त्याच्याच मुठीत. निजामाच्या अमलात जवळच कापसातली सरकी काढायचं जीन निघालं आणि मालकानं आगीच्या वेळी धुरात शिरायचं यंत्र आणलं, तेव्हा लोकांनी हीच रीत तिथंही लावली. धुरात शिरणार मी, भात्यावर माझा मेहुणा.

यंत्र म्हणजे डोकं झाकणारा चामड्याचा टोप, डोळ्यांपुढे काच आणि मागे लांब चामडी नळी. नळीचं दुसरं टोक दाराबाहेरच्या भात्याला. बाहेरच्यानं भाता दाबला तरच आतल्याला वारा. मुंबईहून आलेल्या मिस्त्रीनं बजावलं होतं, नळी कोरडी ठेवा, दुमडू देऊ नका आणि काही झालं तरी भाता सोडू नका.

मला मेहुण्याचा भरवसा नव्हता. पेरणीला मागून आणलेला त्याचा बैल माझ्या दावणीला मेला, तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. सरावाला टोप घातला की वाटायचं, आता हा हात आखडता घेणार. मी मुद्दाम आत गुपचूप बसून राहायचो, हा भाता थांबवतो का ते बघायला. वारा येतच राहायचा. तरी मन म्हणायचं, लोक बघतायत म्हणून दाबतोय. एकदा बायकोजवळ हे बोललो, तर ती भडकलीच.

"एकुलता एक भाऊ हाय माजा. त्यो माजंच वाईट करंल व्हय?"

तरी माझा शक काही गेला नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी तो हौदातून नळी बाहेर काढताना दिसला.

"कावून भिजवली रे?"

"सुकून तडकाया लागली, दाजी. मोट न्हाई का आपुन भिजवत?"

विहिरीवरच्या मोटेचं चामडं आम्ही सगळेच भिजवून मऊ ठेवायचो. एरवी तो शिंकला तरी संशय घेणारा मी, पण यात मला काही वावगं दिसलं नाही. मीही तेच केलं असतं.

त्याच दुपारी कापसाच्या गोदामात आग लागली. आतल्या गठ्ठ्यांवर पाणी मारायला मी टोप घालून शिरलो. थोडा पुढे गेलो आणि वारा बंद झाला. काचेपुढे नुसता काळोख, छातीत आग. म्हटलं, साधला यानं डाव. बैलाचा सूड घेतला. टोप ओरबाडून काढला, जमिनीलगत सरपटत मागची खिडकी गाठली आणि बाहेर पडलो.

तसाच त्याचा गळा धरायला पुढच्या दाराशी धावलो. भाता मातीत पडलेला. मेहुणा नाही. भिजून लुळी पडलेली नळी उंबऱ्यावर दुमडून पार चपटी झालेली. तिच्याकडे बघायला मला वेळ कुठं होता?

"पळाला का हरामखोर?" मी ओरडलो.

चौकीदार भूत बघितल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

"पळतंय कशाला? वारा पुढं सरकंना, तवा तुमालाच आणाया आत गेलाय त्यो. तोंडाला नुसतं फडकं बांधून."

मी दाराकडे झेपावलो, तेवढ्यात छप्पर खाली आलं. लोकांनी मला धरून ठेवलं. मी त्यांना शिव्या दिल्या, चावलो, पण सोडलं नाही कुणी.

त्या दिवाळीत भाऊबीजेला बायको ताट घेऊन अंगणात आली. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं. मी दारात उभा होतो. इतके महिने ती त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

"पळाला म्हनालात त्याला," ती म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.