दारवानाला अहिराणी शिकवणाऱ्या गांगुर्डेबाई

गांगुर्डेबाईंची आणि माझी पहिली ओळख एका बंद दारापाशी झाली. दार खरं नव्हतं, टीव्हीच्या पडद्यावरच्या चार ओळींचं होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंनी टीव्हीला जोडायचा एक छोटा संगणक हट्टाने मिळवला होता आणि त्यावर स्वतः एक खेळ रचला होता. खेळणाऱ्याने दूरदेशीचा वाटसरू व्हायचं. वेशीवरचा दारवान विचारी, "का आलात?" रोमन लिपीत कारण टाइप करायचं, त्याला पटलं तर दार उघडे. नायक परकाच हवा, हा बाईंचा आग्रह. गावातल्याला गाव आयतं मिळालेलं असतं, बाहेरच्याला येण्याचं कारण लागतं, असं त्या सांगत.

मी सटाण्याची. मामांकडे राहून अकरावी करत होते. तोंड उघडलं की अहिराणी बाहेर पडे नि वर्गात खसखस पिके. दिवाळीला घरी गेलं की परत यायचंच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

खेळात माझी पाळी आली. इतर मुलींनी खजिना, सूड, राजाचा हुकूम अशी झोकदार कारणं दिली होती. मला घाईत सुचलं ते खरंच: "माले शिकनं शे." मला शिकायचंय. दारवान उत्तरला, "कारण समजलं नाही." वर्ग असा हसला म्हणता! धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिचं काही चुकलेलं नाही. दारवान अडाणी आहे, आणि त्याला मी घडवलाय."

मग आठवडाभर त्यांनी मला शेजारी बसवून अहिराणी विचारून घेतली. 'मझार' म्हणजे आत, हा शब्द त्या रोज नव्याने चुकत आणि मी दुरुस्त करी. मी, गणितात काठावर पास होणारी! पुढच्या सोमवारी त्याच उत्तराला दारवान म्हणाला, "ये वं माय, मझार ये." दिवाळीला घरी गेले, फराळ हाणला आणि सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच परत आले.

परवा पंचाहत्तरीनिमित्त फोन केला, तर बाई नव्या खेळाच्या नादात. यात म्हणे परक्याने काही सांगायचं नाही. दार का लावलं, ते दारवानानेच सांगायचं.

"अवघड आहे गं, एक चांगलं कारण सापडेना," म्हणाल्या.

बाई, ते सापडेपर्यंत आपण अशाच ठणठणीत, हसतमुख राहा. सापडणार तर नाहीच. तेव्हा आपली शंभरी नक्की.