निजलाय ना?

एक्स-रे मशीनमधले मोठे कपॅसिटर दुरुस्त करणं हा आमच्या बाबांचा धंदा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. फळीवर तेलाच्या डब्यांएवढे कपॅसिटर उभे, आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना जोडणारी एक उघडी तार. मशीन बंद केलं तरी यांच्या पोटात वीज राहते. बाबा ती आधी काढून टाकत, मीटर शून्यावर आला की म्हणत, "निजला." आणि लगेच तार बांधत. कारण रिकामा केलेला मोठा कपॅसिटर आपोआप पुन्हा थोडा भरतो. तार असली की त्याला उठता येत नाही.

आई म्हणायची, "पोरांना कधी थोपटलं नाही, या ठोंब्यांना मात्र निजवत बसतात." पण विचारल्याशिवाय फडकं लावायची नाही.

"निजलाय ना?"

"निजलाय."

एरवी बाबा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. दिवसभरात दोघांचं धड बोलणं व्हायचं ते एवढंच.

मी लेकीला घेऊन माहेरी आले होते, त्या दिवशी एका कपॅसिटरची तार तुटली. बाबांनी सकाळी रिकाम्या केलेल्या एका मोठ्या कपॅसिटरची तार सोडून त्याला लावली. मोठ्यासाठी नवी कापायची होती, पण ते हातातल्या कामात गुंतले. दुपारी आई ओलं फडकं घेऊन आली.

"हा मोठा निजलाय ना हो?"

"केव्हाच," बाबा मान वर न करता म्हणाले.

केव्हाच! या शब्दाचा मला अजून संताप येतो. केव्हाच निजला म्हणजे उठायला त्याला मुबलक वेळ मिळाला होता. हे बाबांना नाही कळायचं तर कुणाला?

आईने एक टोक धरलं आणि दुसऱ्यावर फडकं फिरवलं. ओरडलीसुद्धा नाही. बाबांना फक्त ती पडल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी येऊन नुसती मान हलवली.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी माझ्या लेकीला जवळ घेतलं. "आजी निजलीय हं, बाळा."

तोवर भिंतीला टेकून बसलेले बाबा ताडकन उठले. नातीसमोर उकिडवे बसले.

"निजली नाही. मेली."

"बाबा, अहो, लहान आहे ती!" मी म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय. निजलेलं उठतं, बयो. ही वाट बघत बसेल."

काकू तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मला बाबांचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी कीवही.

मग आईला न्यायला माणसं आली. त्यांनी तिला उचलायला हात घातला, तेव्हा तेच बाबा आडवे आले. तिचा मनगटापाशी काळा पडलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला.

"थांबा ना जरा," ते म्हणाले. "कधीकधी उशिरा उठतात."