आतल्या गिअरची सायकल

एक पाय जमिनीवर टेकवून अक्का उभ्या सायकलचा गिअर बदलायच्या. अंगठ्याने खटका, मग पॅडल. आपल्यासारख्या बाहेरच्या गिअरवाल्यांना ते बघून गंमत वाटेल. आपले गिअर पाय फिरल्याशिवाय पडत नाहीत. माझ्या सायकलला एकवीस गिअर, मागे दातेरी चकत्यांची उतरंड, खाली साखळी सरकवणारा लोंबता हात. अक्कांच्या सायकलला तीनच, तेही मागच्या चाकाच्या मधल्या नळकांड्यात, हबमध्ये बंद.

"दिसत तर काहीच नाही," मी चिडवायचो.

"बठ्ठं आत शे, साहेब."

अक्का मूळच्या साक्रीकडच्या. फैजपूरला नर्स म्हणून हयात गेली, पण हसताना तिकडची बोली बाहेर यायची; बठ्ठं म्हणजे सगळं. पंक्चर झालं की ते चाक काढताना दुकानदार करवादायचा. अक्का त्याला चहा पाजायच्या.

मी त्यांचा सुपरवायझर. लसीकरणाला आम्ही वस्त्यांवर सायकलनेच जायचो. चढावर मी पुढे जाऊन मुद्दाम घड्याळ बघत थांबायचो.

श्रावणातल्या एका सकाळी केळीच्या बागांमधून निघालो. लसींची थंड पेटी मी हट्टाने माझ्या कॅरियरवर घेतलेली. वस्तीवरच्या आया टेम्पोने केळी कापणीला जायच्या. टेम्पो सुटला की त्या खेपेला मुलं लसीविना राहणार. वाटेतच केळीच्या पानांचे वाळके धागे आणि काळा चिखल माझ्या साखळीत गुंतला. मी जोर लावला, तर तो लोंबता हात वाकून आऱ्यांत घुसला.

अक्कांनी पेटी आपल्या कॅरियरवर बांधली. "तुम्ही या सावकाश." पहिला गिअर टाकला आणि नाल्यातून वर गेल्यासुद्धा.

मी सायकल खांद्यावर घेऊन पोचलो, तर टेम्पो उभाच. त्याच्यापुढे अक्कांची सायकल आडवी लावलेली. ड्रायव्हरच्या मांडीवर एक रडतं बाळ.

"घट्ट धर रे दादा, तुला नाही टोचत!" अक्का त्याला दटावत होत्या.

मला बघून बायका फिसकन हसल्या.

"हसू नका गं. साहेब सायकलला फिरवून आणतायत."

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, राग आला. तोही अक्कांचा. त्यांच्या निरोपसमारंभात मी वक्तशीरपणावर बोललो, त्या सकाळबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या मान डोलावत ऐकत होत्या.

आता अक्का साक्रीला असतात. परवा नव्या सिस्टरबरोबर त्याच वस्तीवर गेलो. पावसात अडकून बराच उशीर झालेला. टेम्पो गेलाच असणार, असं धरून चाललो होतो. तो उभा होता. आया आत, बाळं मांडीवर. ड्रायव्हर खाली उतरला.

"जाताना अक्का बजावून गेल्यात," तो म्हणाला. "साहेब आल्याशिवाय गाडी हलवायची नाही."