कव्हर एकाचं, डिस्क दुसऱ्याची

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, पण हातात पेन्सिल घेऊन. सांगणाऱ्याने दार नीट लावलं होतं का, तो तापात होता का, घरात आणखी कुणी होतं का... शंका आली की समासात खूण करतो. आजवर खुणेशिवाय एकही अनुभव सुटलेला नाही. आज माझाच लिहायला बसलोय. खुणा तुम्ही करा. मी केलेल्या आहेतच.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, दार एकच. मागच्या बाल्कनीला लोखंडी ग्रिल आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचक म्हणून मी पहिली शंका तीच काढली असती. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी आहे. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. दिवसभर घराला कुलूप. कामाला बाई नाही.

माझी बायको सुमन मागच्या दिवाळीनंतर गेली. आजारपण लांबलं होतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

सुमनला सिनेमाचं वेड. मला नाही. मी आतल्या खोलीत वाचत बसायचो आणि बाहेरून तिचं हसू ऐकू यायचं. तिच्याकडे डीव्हीडींचं काचेचं कपाट भरून होतं. मराठी जास्त, थोडे हिंदी. डिस्कची दुकानं बंद होत गेली, तेव्हा उरलासुरला माल विकत घेणाऱ्यांत ती पुढे होती. तिची धाकटी बहीण शालन मंगळवार पेठेत राहते. दर गुरुवारी दुपारी ती यायची आणि दोघी मिळून एक सिनेमा बघायच्या.

सुमनची एक सवय मात्र माझ्यासारख्या माणसाला छळणारी होती. नवा सिनेमा लावताना ती प्लेअरमधली आधीची डिस्क काढायची आणि समोर नुकत्याच रिकाम्या झालेल्या कव्हरात ठेवून द्यायची. आधीच्या डिस्कचं स्वतःचं कव्हर शोधायचे कष्ट कोण घेणार! त्यामुळे कुठलंही कव्हर उघडा, आत तो सिनेमा नाहीच. आत त्याच्या आधी बघितलेला. दिवसभर पुस्तकं जागच्या जागी लावून घरी यावं आणि घरात हे!

"अगं, कव्हरावर काय लिहिलंय आणि आत काय आहे?"

"मला सापडतंय की," ती म्हणायची. "तुम्हाला कुठं बघायचाय?"

दुसरी सवय रडक्या सिनेमांची. शेवट आला की ती बंद करायची. विशेषतः दोन बहिणींचा एक जुना सिनेमा होता, त्यात थोरली शेवटी जाते. तो तिने कितीदा लावला असेल, पण थोरली अंथरुणावर पडून धाकटीची वाट बघत्येय तिथवरच. पुढे नाही. "मरती ते ठाऊक हाय की मला. बघायला कशाला पायजे?"

ती गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी प्लेअर उघडला. आत एक डिस्क होती. तिचं कव्हर काढून उघडलं, तर आत त्याच्या आधी बघितलेली. तिचं कव्हर काढलं, आत त्याच्याही आधीची... असा मागे मागे जात मी तिचे शेवटचे महिने वाचत गेलो. सगळे विनोदी सिनेमे होते. त्या दिवशी मी बराच वेळ जमिनीवर बसून होतो.

वर्षश्राद्धाला हा संग्रह तिच्या नावाने एका वृद्धाश्रमाला द्यायचा, असं मी ठरवलं. यादी केल्याशिवाय काही देणं मला जमत नाही. आमची मुलगी मुक्ता पुण्यात असते. तिने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं आणि वायरने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. डिस्क आत घातली की सॉफ्टवेअर ती ओळखतं, नेटवरून नाव आणि चित्र आणतं. मराठी सिनेमांपुढे मात्र ते हात टेकायचं. एका तमाशापटाला त्याने कुठल्याशा देशातल्या माशांवरच्या माहितीपटाचं चित्र लावलं. मग मी नाव हाताने टाइप करायचो. एकदा टाइप केलं, की पुढे ती डिस्क त्याला कायमची ओळखू यायची.

शालनला हे देऊन टाकणं अजिबात पसंत नव्हतं. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. दुपारी येऊन ती डबा ठेवून जायची, कधी संध्याकाळी थांबायची.

"वरीस व्हायच्या आत वाटायला काढलंसा व्हय सगळं?" एकदा ती कपाटासमोर उभी राहून म्हणाली. "तुमची पुस्तकं असती तर दिली असतीसा काय, दाजी?"

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे ते कामाला आलं, वाईट रीतीने.

सगळ्या डिस्क आपापल्या कव्हरांत घालून, प्लेअर रिकामा करून मी नोंदणी सुरू केली. रोज संध्याकाळी थोडी थोडी. वरचा कप्पा झाला, मधला झाला. तिसऱ्या कप्प्यातल्या दुसऱ्या एका तमाशापटाचं कव्हर उघडलं, डिस्क ड्राइव्हमध्ये घातली आणि पडद्यावर आलं, ही डिस्क आधीच नोंदलेली आहे. खाली नाव होतं ते वरच्या कप्प्यातल्या एका कृष्णधवल विनोदी सिनेमाचं.

पहिला संशय सॉफ्टवेअरवर. माशांचं चित्र लावणारं सॉफ्टवेअर काय सांगावं! डिस्क बाहेर काढून तिच्यावरचं नाव वाचलं. विनोदी सिनेमाच होता. उठून वरच्या कप्प्यातलं त्याचं कव्हर उघडलं. रिकामं. आणि मग मला कळलं, तमाशापट कुठे सापडणार ते. प्लेअर सुरू करून ट्रे बाहेर काढला. तमाशापट तिथेच होता.

म्हणजे मी नोंदणी करून ठेवल्यावर कुणीतरी आधी विनोदी सिनेमा लावला होता. मग तमाशापट काढला, विनोदीची डिस्क त्याच्या कव्हरात ठेवली आणि तमाशापट लावला. थेट सुमनची पद्धत. ही पद्धत ठाऊक असलेली माणसं गावात दोनच. एक मी. दुसरी शालन, आणि तिच्याकडे किल्ली होती.

काही दिवस मी बोललो नाही, लक्ष ठेवलं. शालन कपाटाकडे बघते का, तिची पिशवी जड दिसते का... असल्या गोष्टी. ती आपली मेथीची भाजी आणि भाकरी काढून ठेवायची आणि दिवसभराचं बोलायची. मला त्या बोलण्यातही काहीतरी झाकलेलं दिसायला लागलं. शेवटी विचारलंच.

"शालन, दुपारी तू इथे बसून सिनेमा बघतेस का?"

"कुठला सिनेमा?"

"डिस्क इकडच्या तिकडे झाल्यात."

"मला त्यातलं बटन तरी कळतंय व्हय? आक्का लावायची, मी बघायची." ती हसली. मी हसलो नाही, तशी तिचं हसू गेलं. "दाजी, काय म्हणायचं हाय ते सरळ म्हणा की."

"तुला हे वृद्धाश्रमाला द्यायचं नाही. यादी बिघडली की देणं पुढे जाईल. आणि किल्ली तुझ्याकडेच आहे."

तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. कडी घट्ट होती, नखाने उघडेना, तरी माझी मदत घेतली नाही. किल्ली सुटली तशी डब्याच्या झाकणावर ठेवली.

"ही घ्या. बघितला असता तर सांगून बघितला असता. तुमच्यागत मनात ठिवून न्हाय वागत मी. उद्यापासनं खानावळ लावा."

डबा तिथेच सोडून ती निघून गेली. आक्काच्या आजारपणात महिनोन् महिने रात्रंदिवस राबलेली ही बाई. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत मी उभा होतो, आणि तेव्हाही मनात विचार होता तो हा, की सुमनची स्वतःची किल्ली कधी सापडलीच नाही, ती हिच्याकडे नसेल ना? दुसऱ्या दिवशी मी कुलूप बदललं. दोन्ही नव्या किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. प्लेअरची वायर गुंडाळून तो लोखंडी कपाटात कुलपात घातला.

वर्षश्राद्धाचा विधी नृसिंहवाडीला संगमावर करायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी मी कपाटातलं प्रत्येक कव्हर उघडून डिस्कवरचं नाव कव्हराशी ताडून बघितलं. सगळी कव्हरं भरलेली, सगळी बरोबर. ड्राइव्ह उघडून बघितला नाही, हे कबूल. पण सगळी कव्हरं भरलेली म्हणजे ड्राइव्ह रिकामाच असणार. इथे खूण करू नका, मी बरेचदा तपासलंय.

शालन येईल असं वाटलं नव्हतं. सकाळी गाडी तिच्या दारात नेली, तर तयार होऊन उभी. बहिणीसाठी आली होती, माझ्यासाठी नव्हे. पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि वाटभर माझ्याशी एक शब्द नाही. जे काही बोलली ते ड्रायव्हरशी.

"पावणं, जरा सावकाश घ्या. मागं लई किल्ल्या घिऊन बसल्यात, सांडतील."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाहेरचा ऊस बघत राहिलो.

विधी झाला. शालनने कवठाची बर्फी घेतली, सुमनला आवडायची म्हणून. परत येताना तीही माझ्याकडे दिली नाही, मांडीवर घेऊन बसली. राजारामपुरीत पोचलो तेव्हा ऊन होतं. "माझा डबा न्यायचा हाय," असं ड्रायव्हरला सांगून ती माझ्यामागून जिना चढली.

कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. आत गेल्या गेल्या मी कपाटाकडे वळलो. आता ती सवयच झाली होती. दोन बहिणींच्या सिनेमाचं कव्हर ओळीतून जरासं पुढे आलेलं होतं. उघडलं. आत गावच्या निवडणुकीवरचा एक विनोदी सिनेमा. त्या सिनेमाचं कव्हर शोधून उघडलं. रिकामं.

शालन मागे डबा हातात घेऊन उभी होती. मला वाटतं माझ्या तोंडावरूनच तिला कळलं.

"झालं व्हय परत?" ती म्हणाली. "आता कुणाचं नाव घेणार, दाजी? ड्रायव्हरचं?"

मी लोखंडी कपाट उघडलं. प्लेअरची वायर मी गुंडाळली तशीच. तरी प्लेअर काढला, वायर लावली, ट्रे बाहेर काढला. रिकामा. माझ्या सगळ्या हिशेबाप्रमाणे बहिणींच्या सिनेमाची डिस्क तिथे असायला हवी होती. ती नाही म्हटल्यावर मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

"आणि त्यात काय हाय?" शालनने टेबलाकडे बोट केलं.

लॅपटॉप बंद होता, ड्राइव्ह त्याला जोडलेला. सुरू केला, पासवर्ड घातला. तो मला आणि मुक्ताला सोडून कुणाला ठाऊक नाही. ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, त्यात ती डिस्क होती.

शालन खुर्चीवर बसली. म्हणाली, "दोन पिक्चर झालं. आपण जाऊन यीपर्यंत दोनच बसत्यात."

मी ट्रे आत ढकलला. का, ते माहीत नाही. लॅपटॉपने विचारलं, जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू करायचं का? मी ही डिस्क त्यावर चालवून बघितलेली नव्हती. फक्त नोंदली होती.

"व्हय म्हणा की," शालन हळू म्हणाली.

होय दाबलं. थोरली अंथरुणावर पडलेली आणि दाराकडे बघत्येय.

माझा हात बंद करायला पुढे गेला. शालनने तो धरला. आम्ही उरलेला सिनेमा बघितला. शालन मोठ्याने रडली. रडते तेव्हा ती तशीच रडते. मी तिला पाणी दिलं. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

ती निघाली तेव्हा मी किल्ली पुढे केली. "ही तुझ्याकडे असू दे."

तिने ती उलटसुलट करून बघितली. "ही ती न्हाय." मग दाराच्या नव्या कुलपाकडे बघितलं. "कुलूपबी बदललंसा?"

तिने ती जुडग्यात घातली, अर्धी बर्फी टेबलावर ठेवली आणि गेली. त्या दिवशी हसली नाही. पुढे दोन-चार दिवस खानावळीतच जेवलो. मग एका संध्याकाळी घरी आलो, तर टेबलावर डबा होता.

स्पष्टीकरण मला अजून मिळालेलं नाही. शक्यता सगळ्या मांडून झाल्या. मुक्ता म्हणते, तुम्हीच झोपेत करत असाल. पण त्या दिवशी मी संगमावर होतो. कुलूपवाल्याने तिसरी किल्ली ठेवली असेल? असेल. पण ती वापरून तो घरात येईल, टेबलावरच्या घड्याळाला हात लावणार नाही आणि सुमनच्या पद्धतीने दोन सिनेमे बघून, दुसऱ्याचा शेवट सोडून जाईल, यावर विश्वास ठेवणं मला भुतापेक्षा अवघड जातं.

संग्रह वृद्धाश्रमाला दिला नाही. आता गुरुवारी दुपारी मी रजा टाकतो आणि शालनबरोबर एक सिनेमा बघतो. ती प्लेअर लावायला शिकलीय. नवा सिनेमा लावताना आधीची डिस्क समोर दिसेल त्या कव्हरात घालते. मी बघतो, आणि बोलत नाही. त्यामुळे आता कव्हर उघडल्यावर भलतीच डिस्क निघाली, तर ती कुणी ठेवली हे सांगायला मार्गच उरलेला नाही. मागच्या आठवड्यात अशी एक निघाली. तो सिनेमा मी शालनबरोबर बघितल्याचं मला आठवत नव्हतं. शालनला विचारायला तोंड उघडलं होतं.

मग मिटलं.