शेजाऱ्याच्या डोक्यावरचं माळवद

गोदाकाकू गेल्याचा निरोप कळंबहून एस.टी.नं आलेल्या एका ओळखीच्या बाईंनी उस्मानाबादला मी शिकवते त्या शाळेत आणून दिला. मी वर्गावर होते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी आठवलं ते काकूंचं शिडी चढणं... लुगड्याचा काचा मारलेला, खांद्यावर माती बसवायचं लाकडी चोपणं आणि तोंडानं साऱ्या चाळीचा उद्धार. मला हसू आलं. काकूंना ते आवडलं असतं.

कळंबला बाजारामागं एका लांबलचक माळवदाखाली, मातीच्या सपाट छपराखाली, भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ होती. मी हायस्कुलात शिकावं म्हणून आईनं त्यातली शेवटची खोली घेतली. वडील गावाकडं शेती बघत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. माळवद सगळ्यांचं एकच, पण निगा ज्यानं त्यानं आपल्या खोलीपुरती राखायची. उन्हाळा सरता सरता जो तो आपल्या डोक्यावर पांढरी माती टाकून चोपून घेई. आमच्या शेजारचे तात्या, कचेरीतले कारकून, यात सगळ्यांत हौशी. त्यांच्या खोलीवर उंचवटाच तयार झाला आणि तिथलं पाणी उतारानं आमच्या खोलीत. आई तक्रार घेऊन गेली तर म्हणाले, "माती माझी, घाम माझा. पाणी देवाचं, त्याला मी काय करू?"

त्या पावसाळ्यात वडील आले तेव्हा घरातलं एकही भांडं चुलीवर नव्हतं, सगळी गळतीखाली मांडलेली, आणि मी कोपऱ्यात पुस्तकं पोटाशी धरून बसलेली. ते आईला एवढंच म्हणाले, "गाठोडं बांध. शिक्षण ऱ्हाऊ दे, आधी पोरगी नीट ऱ्हाऊ दे." वडील एकदा बोलले की बोलले. माझी शाळा संपल्यात जमा होती.

पहिल्या खोलीतल्या गोदाकाकू तोवर दारात येऊन उभ्या होत्या. "भाऊ, पुढच्या बाजारापातुर दम धरा. मग मीच गाठोडं उचलू लागते."

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. तात्या जेवायला बसले होते, तेवढ्यात वरून धपाधप आवाज आणि ताटात माती. आमटी तशीच टाकून ते शिडीनं वर गेले. बघतात तर काकू तात्यांच्याच उंचवट्याची माती ओढून चोपत होत्या.

"काकू, हे काय चाललंय? ही खोली माझी आहे."

"व्हय की. तुमची खोली म्या चोपते, तुम्ही त्या पोरीची चोपा. आपलं आपलं बघून लई वर्सं झाली, तात्या. आता शेजाऱ्याचं बघू."

"आणि तुमची खोली कोण चोपणार?"

"ती पोरगी. हातात पुस्तक धरती, चोपणं न्हाय व्हय धरणार?"

तात्या बराच वेळ कुरकुरले. पण खाली अख्खी चाळ मान वर करून बघत होती, आणि शेजारणीनं आपलं छप्पर बसवावं नि आपण नुसतं बघत राहावं हे त्यांनाही जमेना. त्यांनी धोतर खोचलं. संध्याकाळी काकूंनी मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. ते वाकडंतिकडं न होता पनाळीतून थेट बाहेर पडलं. काकू म्हणाल्या, "झालं. आता खुशाल भांडा वर्षभर." वडिलांनी गाठोडं सोडलं.

पुढं तोच रिवाज झाला. रोहिण्या लागायच्या आधी एक दिवस ठरायचा, जो तो पुढच्या खोलीवर, शेवटचा पहिलीवर. दुपारी माळवदावरच धपाटे, दही, शेंगाची चटणी; संध्याकाळी तांब्याभर पाणी आणि काकूंचं तेच वाक्य. भांडणं काही थांबली नाहीत; नळ, कोंबड्या, वाळत घातलेल्या पापडांवरून रोज व्हायची. पण कुणाची खोली गळली नाही. मी पदवीधर झाले तेव्हा काकू म्हणाल्या, "आधी तात्यांच्या पाया पड. त्यांच्या ताटातल्या मातीवर शिकलीस तू." तात्याच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

आई अजून तिथंच राहते. गेल्या आठवड्यात चोपणीचा दिवस होता, म्हणून मी गेले. काकूंच्या दाराशी खुंटीला त्यांचं चोपणं होतं, मूठ घासून गुळगुळीत झालेली. तेच घेऊन त्यांच्या खोलीवर चढले आणि हात भरून येईस्तोवर माती बसवली. संध्याकाळी आईनं मधोमध तांब्या ओतला. पाणी सरळ पनाळीकडं गेलं... आणि सगळे तसेच उभे राहिले, सवयीनं, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखे.

शेवटी तात्याच खाकरले. "झालं," ते म्हणाले, "आता खुशाल भांडा वर्षभर."