एका स्वयंपाकघराची इमारत

"हे तुझं ताट. सेपरेट ठेवलंय, तुलाच कन्व्हिनियंट पडेल."

मायक्रोवेव्हवर एक ताट, एक वाटी, एक कप. काकूंच्याच पांढऱ्या सेटमधले, पण आता फक्त माझे. मी म्हणाले, "थँक्यू, काकू."

थँक्यू! अजून कान तापतात.

अमेरिकेत अर्विंगला त्यांच्या घरी मी पेइंग गेस्ट होते. आर्किटेक्चर शिकत होते. सोव्हिएत युनियन नुकतंच मोडलं होतं आणि मी तिथल्या एका जुन्या इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल करत होते. खांबांवर उचललेली लांबलचक इमारत. छोट्या खोल्या, त्यांत चूल नाही. शेजारच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर, तिथंच जेवण. मधे झाकलेला पूल.

मॉडेल बघून काकू म्हणाल्या होत्या, "सगळे एकाच पंगतीला? कोण कुठला, बघायला नको?" मी हसले. "हो ना, काकू." माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मीही कळू दिलं नव्हतं.

कळलं आईच्या पत्रानं. पाकिटावर पत्त्याशिवाय काही लिहू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. पण आई चाळिशीत विहारातल्या वर्गात लिहायला शिकली. पेन टेकलं की हात आधी तेच दोन शब्द काढतो. या वेळी ते पाकिटावरच होते. जय भीम. टपाल काकूच आत आणायच्या.

मला राग आला तो आईचा. काकूंचा नाही. हे सांगताना मान खाली जाते. तीन आठवडे मी त्या ताटात जेवले. कुणी न सांगता धुवून पुन्हा मायक्रोवेव्हवर ठेवत राहिले.

मॉडेल दाखवलं त्या दिवशी प्रोफेसरांनी विचारलं, लोक खरंच एकत्र जेवले का? म्हटलं, फार दिवस नाही. पुढे खोल्याखोल्यांत स्टोव्ह आले. त्यांची कारणं त्यांच्यापाशी. मला मात्र डोळ्यांपुढे मायक्रोवेव्हवरचं ते ताट दिसलं.

घरी आले. ताट उचललं आणि काकूंच्या ताटांच्या चवडीत मधोमध सरकवलं. वाटी वाट्यांत, कप कपांत.

"अगं, हे काय केलंस?"

"मिसळलं, काकू. आता ओळखा, माझं कुठलं. जय भीम."

त्याच आठवड्यात खोली सोडली. आईला पत्र लिहिलं, पाकिटावर पत्त्याच्याही वर ते दोन शब्द. ते आता कुणासाठी झाकणार नाही. वेगळ्या ताटात जेवणार नाही. आणि तसं हसणार तर मुळीच नाही.